उपाशीपोटी

मिरजेत अकरा वर्षं माझ्यापुढे आलेल्या प्रत्येक नळीला
एक आजार चिकटलेला असायचा:
कावीळ, डेंग्यू, "शुगर बघा", किंवा नुसतं प्रश्नचिन्ह.
इथे एक्सनिंगला, न्यूमार्केटला खेटून असलेल्या या गावात,
फॉर्मवर छापलेलंच आहे: निरोगी.
मी दोनदा वाचलं.
बरं असलेल्याचं रक्त कोण कशाला काढेल,
आणि तेही घोड्याचं?

पहाटे साडेपाच. बादल्यांवर बर्फाची साय.
डेरेक पास्क टॉर्च धरतो,
मी अंगठ्यानं मानेची पन्हळ दाबते
आणि शीर फुगते, चांगली दोरखंडाएवढी.
म्हाताऱ्यांच्या कोपरात सुई घेऊन चाचपडलेल्या माझ्या हाताला
ही श्रीमंती अजून पटत नाही.

हिरव्या टोपणाची नळी. उलटी, सुलटी, उलटी, सुलटी. बर्फात.
घोड्याचं रक्त फार वेळ ताटकळत नाही.
डेरेकचं गुडघ्याचं गाऱ्हाणं संपायच्या आत
लाल खाली बसतं,
वर उरतो तो पिवळा, हळद पडलेल्या पाण्यासारखा.
आम्हाला तो पिवळा हवा.
त्यात ल्युसिन किती, लायसिन किती, ग्लायसिन किती,
नऊ तासांच्या शिंगरात किती
(त्याचे पाय अजून एकमेकांना ओळखत नव्हते;
चमचाभरसुद्धा घेतलं नाही, तरी आईनं माझ्या कानात फुरफुरून
काय ते सुनावलं),
सात वर्षांच्या गाभण घोडीत किती,
शर्यतीतून मोकळ्या झालेल्या, कुरणात चरून सुटलेल्या सतराच्या घोड्यात किती.

शेवटच्या खणात टीझल. ठेंगणी, तपकिरी, पोटावर केसांचं गवत.
वयाच्या रकान्यात मालकिणीनं लिहिलेलं:
ठाऊक नाही, भेट मिळाली.
डेरेकनं ओठ वर केला. दात लांब, पुढे झुकलेले,
जुन्या पेटीच्या पट्ट्यांसारखे.
"अठ्ठावीस," तो म्हणाला. मग, "एकोणतीस असेल."
मी त्याला आमची म्हण सांगितली,
धर्माचे गायी, दात कां गे नाहीं.
तो म्हणाला, आमच्याकडे ती गाय घोडा असते.
आम्ही हसत उभे, आणि तेवढ्यात
टीझलचं तोंड शेजारच्या बादलीत.
रात्रभराचा उपास, मळीत कालवलेल्या बिटाच्या चोथ्यात बुडाला.
"इथंच घोडं पेंड खातं!" मी मराठीतच ओरडले,
आणि मग लक्षात आलं,
जन्मात पहिल्यांदा हे मी अक्षरशः म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी गेले. खाल्लेलं.
तिसऱ्या दिवशी गेले. तिला कडी ओठांनी काढता येते.
चौथ्या दिवशी मिळालं.

केंब्रिजहून होनोरा, आकडे बघणारी, भली बाई,
फोनवर म्हणाली, पंचविसाच्या वर ही एकटीच आहे गं.
एकीची सरासरी कशी काढू? वगळू या.
बरोबरच आहे. मीही वगळलं असतं.
त्या रांगेत तिच्यासोबत उभं राहायला
कुणी तेवढं जगलंच नव्हतं आसपास.

डेरेकला सांगितलं. त्यानं काही न बोलता बाही वर सारली,
अडुसष्टाचा गोरा, ठिपक्याठिपक्यांचा हात.
"माझं धर तिच्याबरोबर. दोघांचा तरी गट होईल."
मी चटकन बाही खाली ओढली,
पण त्याआधी, सवयीनं, शीर बघून घेतली.
चांगली होती.

टीझलची नळी मी फेकलेली नाही.
उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, खालच्या फळीवर, मागे.
लेबलवर डेरेकचं किरटं अक्षर:
टीझल, २८ किंवा २९. उपाशी.
आणि त्यापुढे पेन्सिलीनं,
रागावलेली.