वीस रिकाम्या जागा

बुधवारी चारला हॉलमधल्या सतरंजीवर गोल.
गोल कधीच गोल होत नाही,
कूलरसमोर फुगतो, भिंतीकडे आक्रसतो.
मे महिन्यात मानेवाडा रोडवर
माणूस आधी वारा शोधतो, दुःख मग.

शिरभाते ताईंनी कागद वाटले.
'मी ........ आहे.'
एकाखाली एक, वीस वेळा.
खरं लिहा, म्हणाल्या, मी तपासणार नाही.

पहिल्या जागेत बहुतेकांनी नाव लिहिलं.
माझं नाव, मी ज्यांना स्टेशनवर सापडले
त्या हवालदाराच्या मुलीचं.
ती कुठे असेल, तीही आता
माझंच नाव लिहीत असेल का,
हे काही 'आहे'त बसत नव्हतं. सोडलं.

सुगतने लिहिलं, दहावी ब.
खाली, पन्नास किलो.
होमेश्वरी पाचवर अडली.
'ताई, "नाही" चालते का?
मी कोणाची नाही, असं?'
ताई लगेच काही बोलल्या नाहीत.
त्यांचं हेच मला आवडतं.
बाकीचे येणारे फार लवकर बोलतात.
'आत्ता खरं असेल तर लिही,' म्हणाल्या,
'उद्याचं उद्या.'

नगमाने बाराव्या जागेत लिहिलं, बिचारी.
मग खोडलं, इतकं की कागद फाटला.
'हा शब्द माझा नाही बे,
समोशासंग येते तो.
वाढदिवस त्यांच्या पोट्ट्याचा,
फोटो काढतात, अन् जाताना
हा इथंच ठेवून जातात.'
तुकडा चोळामोळा करून तिने दाराबाहेर भिरकावला,
'घेऊन जा गे मारबत!'
मारबतीला अजून तीन महिने होते.
हसलो. होमेश्वरीसुद्धा.
मग आणखी दोघांनी काहीतरी फाडलं.
काय ते कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात कूलर बंद पडला.

टिकेशचा कागद कोरा होता,
पहिली जागासुद्धा.
तो उठला, मागची जाळी काढली,
पंपाच्या नळीत खराट्याची काडी फिरवली,
ओठांत स्क्रू धरून
कोणाकडे न बघता म्हणाला, 'टाका पाणी.'
आम्ही बादल्या घेऊन धावलो.
आधी घरघर, मग ओल्या गवताचा वास,
आणि गोल पुन्हा त्या बाजूला फुगला.

जुलैत त्याला अठरा पूर्ण होणार होते.
ते त्या दिवशी कोणी काढलं नाही.

जाताना त्याने एकच ओळ लिहिली,
काळ्या अंगठ्याने कागद दाबून.
मी शेजारी होते, म्हणून दिसली.
छापलेलं 'आहे' खोडून
'मी असलो का कूलर चालते.'

आता तो हिंगण्याला एका दुकानात
कूलरला गवत भरतो.
फोन करतो कधी, रविवारी,
जास्त करून नळीचंच विचारतो.
या मेमध्येही पंप दोनदा अडकला.
होमेश्वरीने जाळी काढली, स्क्रू ओठांत,
तोंडातल्या तोंडात त्याला शिव्या देत.

माझा कागद पेटीत, स्वेटरखाली आहे.
सहा जागा रिकाम्या.
सतराव्यात लिहिलंय,
मी बादली धरणारी आहे.