मुद्रांक विक्रेत्याचं टिपण, चोपडा

कोर्टाच्या आवारातल्या लिंबाला ढोली आहे.
चैत्रात धनेशाची मादी आत शिरली,
विष्ठेनं, चिखलानं दार लिंपून घेतलं स्वतःच,
चोचीपुरती फट ठेवली.

खाली माझं टेबल.
तो नदीकडच्या उंबरावरून येतो,
चार वल्ही मारतो, मग नुसता तरंगतो,
राखी, धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा;
चोचीवर दुसरी चोच ठेवावी तसं शिंग,
डोळा तांबडा, जागरणाचा.
फटीशी लटकून
गळ्यातून एकेक उंबर वर काढतो.
नऊ. दहा. अकरा.

"काय मोजी राह्यनात, भाऊ?"
अडावदची कासूबाई विचारते.
पोटगीचा अर्ज, तिसरी तारीख.
मी वर बोट करतो.
ती बघते, पदरानं मान पुसते.
"हाऊ बरा शे."

तेवढ्यात शंभराच्या कागदावर पांढरा ओघळ.
कागद गेला.
दुसरा काढला, पैसे घेतले नाहीत,
आणि लिहिलं: अर्जदार कथन करते की

मेमध्ये कोर्टाला सुट्टी, लिंबाला नाही.
चोचभर किंचाळ्या येत राहिल्या फटीतून,
रसवंतीवाल्यानं सांगितलं.

जूनच्या तारखेला नवरा आला नाही.
ढोलीचं दार फुटलेलं होतं,
आतून.
लिंपणाचा एक तुकडा टेबलावर पडलेला,
त्यात उंबराच्या बिया.
कागद उडू नयेत म्हणून
तोच ठेवतो आता.