नाकेदाराचं मत

पारडी नाक्यावर सव्वीस वर्षं बसलो मी,
पावतीपुस्तक मांडीवर, कार्बननं बोटं निळी.
रायपूरकडून येणारा प्रत्येक ट्रक
आधी माझ्या बांबूपाशी थांबला, मग शहरात शिरला.
त्यामुळे लेक फोनवर टॅरिफ म्हणजे काय
ते समजावते तेव्हा हसू येतं.
मलेच जकात शिकवून राहिली पोट्टी!

नीरजा विंडसरला असते.
नदीपलीकडे डेट्रॉइट. तिच्या खिडकीतून
अमेरिका उत्तरेला दिसते,
नकाशा कोणी उलटा टांगल्यासारखी.
जावई गाडीच्या सीटखालचा रूळ बनवतो.
तो रूळ गाडीत बसेस्तोवर
पूल सहादा ओलांडतो म्हणे, कधी इकडून, कधी तिकडून.
आता दर खेपेला बांबू.

माझं मत कोणी विचारलं नाही, तरी सांगतो.
मोठा शेजारी आधी मस्करी करतो:
या की आमच्यात, एकावन्नावं राज्य व्हा.
तुम्ही हसता.
दुसऱ्यांदा म्हणतो तेव्हा तो हसत नसतो.
हे आम्हाले नका सांगू, हे गाव राजधानी होतं.
आता सरकार हिवाळ्यात येते, दोन आठवडे,
मोर्चे पाहते, हुरडा खाते, बर्फीचे डबे बांधून घेते
आणि परत जाते.
विलीन हा शब्द ज्यानं काढला
तो नक्कीच पाण्याच्या बाजूचा असणार,
साखरेच्या नाही.

पण कॅनडावाले तरी कुठले सोवळे?
परवापर्यंत एकमेकांचे गळे धरून होते,
घरभाडं, डॉक्टरकडची रांग,
आणि सगळ्याचं खापर बाहेरून आलेल्या पोरांवर.
शेजाऱ्यानं डोळे वटारले
तसे सगळ्यांच्या खांद्यावर झेंडे आले.
बरं असतं झेंड्याचं,
खाली भाड्याची पावती झाकली जाते.
अमेरिकेची दारू दुकानांतून काढली, ठीक.
पण त्यांच्याच एका प्रांताची दारू
दुसऱ्या प्रांतात जायला अडते
हे ऐकलं आणि मी खुर्चीतून उठलोच.
घरातल्या घरात नाका!
वर तेलवाला प्रांत म्हणतो, आम्हाला वेगळं करा.
पोह्याच्या गाडीवर हे सांगितलं
तर लांजेवारनं तर्रीचा चमचा हवेतच धरला:
'आपलाच माणूस आहे बे तो!'

हसलो सगळे.
घरी येताना मात्र कीर्तन साहू आठवला.
दुर्गचे टमाटर घेऊन आला होता, मे महिना,
कागदात वजन एक, काट्यावर दुसरं,
फरक एकशेचाळीस रुपयांचा.
साहेब जेवायला गेले ते दुसऱ्या दिवशी आले.
मी नियम सोडला नाही. तेव्हा अभिमान होता त्याचा.
ट्रकच्या फळ्यांतून लाल पाणी गळत राहिलं,
डांबरावर वाळत राहिलं, गाई चाटत राहिल्या.
तो भांडला नाही. एवढंच म्हणाला,
'बाबूजी, रेट तुमचा, ऊन माझं.'

दोन्हीकडचे पुढारी बोलतात तेव्हा
मी त्यांच्या मागची भिंत पाहतो.
कुठेच ऊन नसतं.

काल नीरजाचा फोन. इथे रात्र, तिथे दुपार.
कूलरचं पाणी संपलेलं, नुसता पंखा घरघरत होता.
अर्धा तास राजकारण झालं,
कोणी मान ताठ ठेवली, कोण नमला.
ठेवता ठेवता बोलली:
जावयाची पाळी तीन दिवसांवर आली आहे.
मग थोडं थांबून,
'बाबा, नाका बंद झाला तेव्हा तुम्ही काय केलं?'

बदली झाली, म्हटलं. जन्म-मृत्यू नोंदणीत.
तिथे कोणालाच थांबवता येत नाही.

ती हसली की नेटवर्क अडकलं,
कळलं नाही.