तिसऱ्या दिवसाचा ताप

या, मास्तर. चटई पसरलेलीच आहे,
पण आडवं नका होऊ अजून.
शर्टाची बटणं राहू द्या लावलेली.

आधी सांगा, ताप कधीपासूनचा?

परवापासून. म्हणजे आज तिसरा दिवस,
आणि तुम्ही तो अंगावर काढलात
पंख्याखाली वह्या तपासत.
अंग मोडून येतंय, डोळ्यांच्या मागे ठणका,
भात कडू लागतो.
वारं शिरलंय, म्हणता, दुसरं काय असणार,
जरा नाणं फिरव पाठीवर, मार्सिनी.

आमच्या क्लातेनमध्ये सगळ्यांच्या अंगात वारंच शिरतं.
रात्री जाकिटाशिवाय मोटारसायकल चालवली, की वारं.
सासूशी भांडून उपाशी झोपलं, की वारं.
उधारी मागायला कुणी दारात आलं
तर माझा नवरा पोट धरून बसायचा: वारं.
आणि मी तीस वर्षं बाम चोळून
नाण्याच्या कडेनं, कण्यापासून बरगड्यांकडे,
तिरक्या रेघा ओढत आले
माशाच्या काट्यासारख्या.
रेघ जितकी लाल तितकं वारं जास्त,
असं म्हणायचं,
आणि माणूस ढेकर देऊन उठायचा.

खोटं नाही ते.
ढेकर खरा असतो. त्यानंतरची झोप खरी असते.
कुणीतरी पाठीला हात लावला,
हे तर सगळ्यात खरं.

लोक म्हणतात, मार्सिनीच्या हाताला गुण आहे.

हे बघा नाणं. डचांच्या वेळचं, सासूनं दिलेलं.
यावरचा सिंह झिजून झिजून
आता मांजर झालाय.
हेच होतं त्या दिवशीही.

यानुआर, शेजारच्या तुमिराचा. नऊ वर्षांचा.
बाम सोसत नव्हता त्याला, म्हणून
खोबरेल तेलात लहान कांदा ठेचून चोळला आधी.
त्यानं भागेना, तेव्हा नाणं घेतलं.
रेघा लाल नाही उठल्या, जांभळ्या उठल्या,
आणि मी म्हटलं,
बघ तुमिरा, केवढं वारं होतं पोराच्या अंगात.

हे मी म्हटलं. याच तोंडानं.

दिवेलागणीपर्यंत रेघा काळ्या पडल्या.
मग हिरड्यांतून रक्त.

वाचला तो. अकरा दिवस, दोन शेळ्या.
आता बेकासीच्या कारखान्यात हेल्मेटं तपासतो,
मिशी ठेवलीय म्हणे.
तुमिरा मला एका शब्दानं बोलली नाही.
दर ईदला केतुपात घेऊन येते,
नारळाच्या पानात विणून शिजवलेला भात,
आणि समोर बसून विचारते, मीठ बरोबर आहे ना?
मी म्हणते, हो.
एकेक शीत मोजून घशाखाली उतरतं.

तेव्हापासून मी पाठीआधी दिवस मोजते.

डासाचा ताप असेल, मास्तर. नसेलही.
मला पाठ कळते, रक्त नाही कळत.
ते दवाखान्यातल्या त्या पोरीला कळतं
जिला तुम्ही सातवीत नापास केलं होतंत.
घाबरू नका, सुई नीट टोचते ती.

हो, इतक्या लांब चालत आलात.
हो, सुवार्नीनं गेल्या महिन्यात
भर तापात अंग रगडून घेतलं आणि चौथ्या दिवशी
बाजारात टोफू विकायला बसली.
होतात माणसं बरी.
कधी आपल्या हातानं,
कधी आपला हात लागूनही.

बागुस गाडी काढतोय, त्याच्या मागे बसा.
पैसे आत ठेवा. कशाचे देताय?
मी तर बटणसुद्धा काढू दिलं नाही.

काय? रिकाम्या हातानं जाववत नाही?

बरं. हे घ्या. मुठीत धरा,
पण घासायचं नाही, कोपरालासुद्धा नाही.
गार लागतंय ना? तेवढंच.

परत द्यायची घाई नाही.
फक्त कुणाच्या हाती पाठवू नका.