एकशे सदतिसावी गरज

सहा महिने मी चौकोन काढले.
आराखडा, मागणी, कोठार, लेथ, तपासणी,
आणि मधून बाण:
कुणी कुणाला काय विचारायचं,
उत्तराची वाट किती सेकंद पाहायची,
उत्तर आलंच नाही तर कुणाला उठवायचं.

व्सेतीनच्या त्या कारखान्यात तोवर
या हाताचं त्या हाताला कळत नसे.
वरच्या मजल्यावर भोक अर्धा मिलिमीटर सरके,
खाली तीन दिवस जुनंच पडत राही,
आणि कोठारातली श्टेपानकोवा बाई
दोन्ही कागद एकाच खिळ्याला अडकवून
लोकर विणत बसे.

मी दोनशे चौदा गरजा लिहिल्या,
प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीला कसोटी.
एकशे सदतिसावी: गाडा कोठारातून लेथपर्यंत
माणसाचा हात न लागता पोचावा.

जानेवारीत, बेच्वा नदी गोठलेली असताना,
सगळं एकदम सुरू केलं.
पडद्यावर रेघ हलली. लेथला ते कळलं.
कोठाराने कप्पा पुढे केला.
संचालकांनी टाळीसाठी हात उचलले
आणि गाडा थांबला,
तिसऱ्या खांबापाशी.
दुसऱ्या दिवशीही. तिथेच.

प्रोग्रॅम तपासला, तारा तपासल्या,
मोटर उघडून पुन्हा बसवली.
घोडं कुठे पेंड खातंय, कळेना.

चौथ्या दिवशी बोहुमीर व्रानाला विचारलं.
स्पिंडलला स्क्रूड्रायव्हर टेकवून
दांडा कानाला लावणारा, त्याच खांबापाशी
एकतीस वर्षं उभा.
"तिथे फरशी चढती आहे," तो म्हणाला,
"सत्तावन साली पाया खचला तेव्हापासून.
भरलेला गाडा आला की मी लाथ देतो."
मग बुटाकडे पाहत: "द्यायचो.
तुम्ही पिवळी रेघ मारलीत ना,
आत यायचं नाही म्हणून."

उजव्या बुटाचं टोक झिजलेलं. डाव्याचं नाही.
माझ्या तक्त्यात तो 'ऑपरेटर, एक',
त्याच्याकडे बाण जात होता,
त्याच्याकडून निघत नव्हता एकही.

मार्चमध्ये फरशी दुरुस्त झाली.
तरी मूळ तक्त्यावर मी पेन्सिलीने
त्याच्या चौकोनातून एक बाण काढला
आणि वर लिहिलं: लाथ.
प्रागहून आलेल्या परीक्षकाने चष्मा पुसला,
"याचं एकक काय?"

बोहुमीरने अवजारांच्या कपाटातून
आलुबुखाराच्या दारूची बाटली काढली,
चार पेले मांडले.
चौथा श्टेपानकोवा बाईचा.
तिला बोलावण्याची पडद्यावर सोय नव्हती.
त्याने शीळ घातली.