कार्पेट एरिया

संगमेश्वर बिरादार आला तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी झाली होती.
बूट दाराबाहेर, फाईल मांडीवर.
म्हणाला, 'मॅडम, आधी एक ठरवू.
तुमचं घर कुठून सुरू होतं?'

मी हसले. औसा रोड, शिवगंगा अपार्टमेंट,
तिसरा मजला, तीनशे दोन. आणखी कुठून?

'तसं नव्हं. खांब, स्लॅब, जिना, लिफ्ट, गच्चीवरची टाकी
हे सगळं सोसायटीचं. त्याचा विमा अप्पांनी काढायचा.
तुमचं म्हणजे भिंतीच्या आतलं.
गिलावा, रंग, फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट.'

एकोणीस वर्षं हप्ते भरले
आणि वाट्याला आला
गिलावा.

तिथूनच वैजनाथअप्पांना फोन लावला.
सोसायटीची पॉलिसी मार्चमध्येच संपली होती.
'बोअरच्या मोटारीत गेले की ओ पैसे, ताई.
पुढच्या मीटिंगला घेऊ विषय.'
पुढच्या मीटिंगला कोरम भरत नाही
हे त्यांना माहीत, मलाही.
म्हणजे सध्या माझा गिलावा
कुणीच न धरलेल्या भिंतीला धरून उभा आहे.

बिरादारचं लक्ष छताकडे गेलं.
वरच्या नजमाभाभींच्या वॉशिंग मशीनचा पाइप सुटला होता दिवाळीत,
त्याची ओल पंख्यापासून निघून
मांजरेसारखी वळणं घेत कोपऱ्यापर्यंत गेलेली.
(त्या साली मांजरेतही एवढं पाणी नव्हतं.)
भाभींनी रंगाचे पैसे विचारले, मी नको म्हटलं,
त्यांनी दालच्याचा डबा पाठवला. विषय संपला.
'त्यालाही कव्हर आहे,' बिरादार म्हणाला.
शेजाऱ्याचं कव्हर?
'शेजाऱ्यापासून तुम्हाला. आणि तुमच्यापासून
खालच्या दोनशे दोनला.'
दोनशे दोनमध्ये कोण राहतं
मला चटकन आठवेना.

मग सामानाची यादी.
फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन, दोन कपाटं,
पोराचा लॅपटॉप, तो पोराबरोबर पुण्यात,
खोडला.
'जुन्याची किंमत नका सांगू, घसाऱ्यात काही उरत नाही.
आज नवं घ्यायचं तर किती, ते सांगा.'
आज नवं घ्यायचं तर
यातलं अर्धं मी घेणारच नाही. हे त्याला सांगितलं नाही.

पान चौथं.
'भूकंप आतच धरलाय. वेगळे पैसे नाहीत.'
मिठाईवाल्यानं काटा खाली गेल्यावर
वर एक पेढा ठेवावा, तसं म्हणाला.
त्याचा जन्म अठ्ठ्याण्णवचा.
शिवदास इतका वेळ सोफ्यावर पेपर घेऊन बसला होता.
त्र्याण्णवला तो अकरा वर्षांचा.
उठला, आत गेला, गॅस बंद केला.

'आता रक्कम. बांधकामाचा दर गुणिले कार्पेट एरिया.
जागेची किंमत यात धरायची नाही, मॅडम.
जागेला विमा नसतो.
जागा कुठं जात नाही.'

'जाते,'
आतून शिवदास म्हणाला.

कुकरची वाफ हळूहळू उतरत होती.
बिरादारनं पेनाचं टोपण लावलं, काढलं,
आणि काही न विचारता
सहीच्या जागी फुली मारून फाईल माझ्याकडे सरकवली.
मी सगळं घेतलं. शेजाऱ्याचंही.

रात्री फ्रिजवर रोजच्यासारखं
ताटलीत उपडा तांब्या, तांब्याच्या बुडावर फुलपात्र.
एकोणीस वर्षांत दोनदा पडलंय.
एकदा मांजरानं,
एकदा वरच्या मशीनच्या गरगरण्यानं.
दोन्ही वेळा शिवदास दाराबाहेर होता, अनवाणी,
माझा दंड धरून.

यादीत फुलपात्र लिहायचं राहिलं.

सकाळी साडेसातला अप्पांना फोन केला.
मीटिंग रविवारीच ठेवा, म्हटलं,
नजमाभाभींना मी घेऊन येते.
आणि दोनशे दोनची बेल वाजवायला
खाली उतरले. जिन्याला हात लावत लावत.