साडेपाच ओहम

हाजी खलफानने दोन्ही बॉक्स टॅक्सीतून आणले,
मागच्या सीटवर, पट्टा लावून, शाळेतली पोरं आणावीत तसे.
"उस्ताद, यातला सीन मेलाय," म्हणाला.
सीन म्हणजे त्यांचा स.
"बाई गाते ते कळतं. काय गाते ते कळत नाही."

रुवी, होंडा रोडमागची गल्ली, जुलैची दुपार.
एसीचं पाणी बादलीत पडतंय
आणि समोरचा डोंगर असा तापलाय
की नुसता टेकवला तरी सोल्डर वितळेल.

मी लगेच उघडत नाही. आधी नाक लावतो.
जळक्या कॉइलचा वास लपत नाही;
लग्नाच्या हॉलमधून येणाऱ्या बॉक्सना तर हमखास.
अॅम्प्लिफायरला कुवतीबाहेर ओरडायला लावलं
की त्याचा गळा फाटतो
आणि जळतो मात्र ट्वीटर, घरातला सगळ्यात नाजूक.
इथे वास होता तो फक्त लोबानचा.

मग चार स्क्रू. जाळीमागे रेशमी घुमट, सुपारीएवढा.
डावा आत दबलेला.
नातवाचं बोट, विचारायलाच नको.
चिकटपट्टी टेकवून हलकेच ओढला.
पुक्.
आला बाहेर, एक सुरकुती घेऊन.

चुंबकाच्या फटीतलं तेल बघितलं.
इथल्या उन्हाळ्यांनी ते आटून काजळ होतं,
कॉइल त्यात रुतते, गाडी वाळूत रुतावी तशी.
हे ओलं होतं.
केसाहून बारीक तार, टर्मिनलजवळ वाकते तिथेच तुटणारी,
भिंगाखाली धरली. शाबूत.
मत्रहच्या खाऱ्या हवेचा हिरवा गंजही नाही.
मीटर लावला: साडेपाच ओहम.
दुसऱ्याला लावला: साडेपाच.
तरी शंका नको म्हणून कपॅसिटर नवे घातले.

वाजवलं. हाजी म्हणाला, "नाही."
मी जाळीला कान लावला.
बारा हजारांचा टोन सोडला, आवाज वाढवला, अजून वाढवला.
मीटरवर आकडा नाचत होता.
खोलीत बादलीची टिपटिप.

तेवढ्यात शिहाब चहा घेऊन आत आला
आणि दारातच कप सांडत ओरडला,
"इक्का, बंद करो ना! कान में सुई घुस रही है!"

एकोणीस वर्षांचा आहे शिहाब.
मी हाजीकडे बघितलं, हाजीने माझ्याकडे.
सांगितलं त्याला जे सांगायचं ते.
तो दाढीवरून हात फिरवत राहिला,
मग म्हणाला, "आणि तुझा मीटर काय म्हणतो?"
कपॅसिटरचे पैसे घेतले. मजुरी लावली नाही.
बॉक्स पुन्हा पट्टा लावून गेले.

रात्री बाणकोटला फोन.
सव्वीस वर्षं मेहरुन या तारेतून बोलते आहे
आणि तारेला ट्वीटर नसतो, वरचं सगळं ती कापून टाकते.
एकदा ती म्हणाली, "भावोजींनी गडगा फोडला."
मी ऐकलं, "सोडला."
खूश होऊन पैसे पाठवले भावाला.
वर्षभर भांडलो त्यावरून.

सुट्टीत घरी गेलो की मात्र
तिचे स, तिचे श, तव्यावर पाणी शिंपडावं तसे
चरचरीत यायचे. त्यासाठीच जायचो म्हणा.
गेल्या खेपेला ती वैतागली,
"सारखं काय, काय? इथं तर फोन नाही मध्ये!"
मी पंख्यावर ढकललं.

आज म्हटलं, "मेहरुन, एक कर.
'सुके सोडे संपले' म्हण."
"वेड लागलंय का?"
"म्हण तर."
म्हणाली. हसत, दोनदा.
"आलं ऐकू?"

"सगळं," मी म्हटलं.